चौकोनातली पाहुणी

जानेफळ, ता. मेहकर
८ जुलै २०२५, मंगळवार

पुष्पांजली,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. तो चुकून राहिलेला नाही.

तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या भावाकडून घेतला. गोकुळ चिखलीच्या बाजारात दिसला. मला पाहून किराणा दुकानात शिरत होता, मीही मागोमाग शिरले. फोन सोडून ही नणंदबाई कागद का खरडतेय, असं तुला वाटेल. फोनवर तू रडतेस, मी चिडते आणि मुद्द्याचं राहून जातं. कागदावर कुणाला मधे बोलता येत नाही.

मुद्दा असा, की ही मास्तरीण तू पेरलीस का?

माहीत नसल्याचं सोंग घेशील म्हणून सगळं सांगते. तुझी अश्विनी पाचवीत गेली. तू तिला माझ्या पदरात टाकून गेलीस तेव्हा ती पहिलीत होती, हे तुझ्या लक्षात असेल-नसेल. वाचन कच्चं आहे. साधं साधं वाचते, पण जोडाक्षर आलं की बैल अडावा तशी अडते, आणि पाचवीला आता नापास करतात. म्हणून शाळेतल्या बाईंनी तिचं नाव मोबाइलवरच्या शिकवणीत घातलं. चिखलीला मास्तरकी शिकणाऱ्या पोरापोरींचं कॉलेज आहे. त्यांनी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला कच्च्या मुलांना समोरासमोर, म्हणजे मोबाइलमध्ये समोरासमोर, शिकवायचं. त्यांचा सराव होतो, मुलांचं वाचन होतं. आणि सगळं फुकट. फुकट म्हटलं की माझे कान उभे राहतात.

आपल्या वाट्याला आली ती धम्मशीला नावाची पोरगी. वीस-एकवीसची असेल. पहिल्याच दिवशी मी तिला आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. मी गप्प बसले. ते जाऊ दे.

पुस्तक उघडायचं सोडून तिनं अश्विनीला काय विचारावं? घरात कोण कोण असतं, सकाळी उठवतं कोण, वेणी कोण घालतं, मामाचं गाव कोणतं. मी शेजारीच बसलेली. म्हटलं, “काव बाई, वाचाले शिकवून राह्यली का सोयरीक जमवून राह्यली?”

ती हसली. म्हणाली, “काकू, पोरं सोताच्या घराचं सांगतात तवा तोंड उघडतात. ते जे सांगतात, तेच मी लिहून त्याह्यले वाचाले देतो.”

ऐकायला गोड आहे. पण मामाचं गाव सुलतानपूर, हे तिनं पोरीकडून बरोबर काढून घेतलं. उद्या पोरगी कितीला शाळेत जाते, कोणत्या रस्त्यानं येते, तेही काढेल. तुला एवढं कळवते की मी आंधळी नाही. पोरगी मी देणार नाही. चार वर्षं मी तिचा ताप-खोकला काढला आहे.

सरस्वतीबाई


जानेफळ
२५ जुलै, शुक्रवार

पुष्पांजली,

उत्तर आलं नाही. चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं ते खोटं असतं तर तू तडक लिहिलं असतंस.

आता पुढचं ऐक, म्हणजे तुला ठाऊकच आहे, तरी ऐक. फोनच्या पडद्यावर चार चौकोन दिसतात. एकात मास्तरीण, एकात आपली अश्विनी आणि दोनात दुसऱ्या गावांची दोन पोरं. आता दोन आठवडे झाले, पाचवा चौकोन येतो. काळा. त्याला तोंड नाही, आवाज नाही, नावाच्या जागी नुसतं ‘गेस्ट’. बरोबर अश्विनीची वाचायची पाळी आली की तो उगवतो आणि तिचं झालं की मावळतो. बाकीच्या पोरांनी काय पाप केलं?

मी विचारलं. धम्मशीला म्हणाली, “काकू, ते आमचे सर हायेत. आमचा पाठ पाहाले येतात.”

“मंग बोलत काऊन नाही?”

“निरीक्षण असते काकू. मधात बोलाचं नसते त्याह्यले.”

मी सातवीपर्यंत शाळेत गेलेली बाई आहे. आमच्या वेळी साहेब शाळा तपासायला आला की फळ्यापासून घंटेपर्यंत सगळ्याला नावं ठेवून जायचा. जेवून जायचा तेव्हा वांग्याच्या भाजीलाही नावं ठेवायचा. मुका साहेब मी जन्मात पाहिला नाही.

आणि मागच्या मंगळवारी तर तू सापडलीसच. त्या चौकोनाचा आवाज चुकून चालू राहिला आणि आम्हाला काय ऐकू यावं? शिलाई मशीन. खडखड करून थांबली, पुन्हा खडखड. अश्विनीनं पुस्तकातून मान वर केली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. या घरातून जाताना तू पिशवीभर कपडे आणि मशीन एवढंच नेलंस. पोर राहिली तरी चालेल, मशीन राहता कामा नये. माझ्या तोंडातून निघून गेलं, “तुयी मायच हाय ते.”

मास्तरीण पुन्हा “सर हायेत, सर हायेत” म्हणत होती. अश्विनीनं तिचं ऐकलंच नाही. माझं ऐकलं. पोरगी माझ्या शब्दाबाहेर नाही, हेही तुला कळू दे.

तू म्हणशील की चोरून कशाला येऊ, फोन लागला असता तर फोन केला असता. जुनं सिम खराब झालं होतं. नवा नंबर तुला कळवायचा राहून गेला. घरात कामं असतात.

सरस्वतीबाई


जानेफळ
१९ ऑगस्ट, मंगळवार

पुष्पांजली,

शुक्रवारी पोळा आहे, त्या दिवशी शिकवणी नाही. उगाच फोन धरून बसू नको.

अश्विनीचं वाचून झालं की तो मावळायच्या आत मी आता चौकोनाशी बोलते, ते तू ऐकतेसच. मग पत्र कशाला? सगळंच काही पोरीसमोर बोलता येत नाही म्हणून. तुझं-माझं कशावरून फाटलं ते तिला मी सांगितलेलं नाही. नवरा गेल्यावर मी भावाच्या घरी परत आले, तेव्हा चूल तू माझ्या हाती दिलीस की मी तुझ्या हातून घेतली, यावर आपण दोघी मरेपर्यंत भांडू शकतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. त्यातली एक निघाली. निघताना मी काय बोलले ते तुला आठवत असेल, मला आठवत नाही.

गेल्या मंगळवारी मी तुला फासात धरायला बसले होते, हे आता सांगते. अश्विनीला दाराआड उभी केली आणि चौकोनाला म्हटलं, “पोरीचे केस कापून टाकले मी. उवा झालत्या.” मला वाटलं, आता ही किंचाळणार. तिच्या केसांना तू मला बोट लावू देत नव्हतीस. पण चौकोन बोलला नाही. थोडा वेळ थांबला आणि गेला. म्हटलं, लागलं वर्मी! केस जागच्या जागी आहेत. कमरेपर्यंत आलेत. तेल मीच लावते.

पण बाई, पोरगी बदलली. पाच वाजल्यापासून तिची घाई. तोंड धुते, पावडर लावते, फोन तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवून आपण सरळ दिसतो की नाही ते पाहते. आधी वाचताना स्वतःलाच ऐकू जाईल एवढाच आवाज निघायचा. आता गल्लीत ऐकू जातं. मधेच मला विचारते, “आत्या, मायले ऐकू जाते का?” मी म्हणते, “जात असंल.”

धम्मशीलानं सगळ्यांना आपापल्या घरातला जोडाक्षराचा एक एक शब्द आणायला सांगितला होता. कुणी ‘कुत्रा’ आणला, कुणी ‘ट्रॅक्टर’. आपल्या पोरीनं ‘पुष्पांजली’ आणला. मी शेपू निवडत होते. एकदा अडली. दुसऱ्यांदा सबंध वाचला. मास्तरणीनं टाळ्या वाजवल्या आणि ही त्या काळ्या चौकोनाकडे पाहत राहिली. एक शब्द बोलायचास ना, भवाने! नुसतं ‘अश्वे’ म्हटलं असतंस तरी चाललं असतं. तू गेलीस त्या दिवशी आला नसेल एवढा राग मला तेव्हा आला.

सरस्वतीबाई


जानेफळ
२३ सप्टेंबर, मंगळवार

पुष्पांजली,

तुझा डाव कळला.

आज दप्तर जड लागलं म्हणून उघडलं. आत दोन फ्रॉक, एक कंगवा आणि लाल रिबीन. मी विचारलं, “कुठी चालली व?”

“कुठीच नाही.”

“मंग फ्रॉक काऊन?”

रिबीन माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, “माय म्हनली चाल, तं उशीर नाही झाला पाह्यजे.”

चांगलं शिकवलंस. वाचनाच्या नावाखाली कधी, काय आणि कोणत्या खुणेनं कळवलंस ते देवाला ठाऊक. मी तर दर वेळी शेजारीच होते. गजेंद्रला सांगितलं. तुझा नवरा म्हणजे काय, दिवसभर जीप आणि रात्री जीपच्या गोष्टी. पोरगी कितवीत आहे विचारलं तर चौथीत म्हणाला. त्याच्याच्यानं काही व्हायचं नाही.

मला आज जेवण गेलं नाही. खोटं कशाला लिहू, मी घाबरले आहे. ती गेली तर या घरात मी भाकरी कुणासाठी थापू?

उद्या चिखलीला जाते. त्या कॉलेजात जाऊन मास्तरणीला समोर उभी करते आणि तो चौकोन कुणाचा ते वदवून घेते. मग शिकवणी बंद. नापास झाली तरी चालेल, घरात तर राहील.

सरस्वतीबाई


जानेफळ
२६ सप्टेंबर, शुक्रवार

पुष्पांजली,

तू नव्हतीस.

बसस्टँडवरून तरातरा कॉलेजात गेले. धम्मशीला पायरीवरच भेटली. पडद्यावर दिसते त्याहून लहानखुरी आहे. मी आवाज चढवला तशी पोरं गोळा झाली. ती मला एका खोलीत घेऊन गेली. तिथं एक पिकल्या केसांचे गृहस्थ वह्या तपासत बसले होते. नारायणराव सर. मला पाहून खुर्चीतून उठले आणि म्हणाले, “या सरस्वतीबाई. तुमचा आवाज वळखीचा हाय.”

मी म्हटलं, “तो काया चौकोन कोनाचा?”

“माया,” म्हणाले.

मी मानेना. मशीनचं विचारलं. तर म्हणाले, घरून पाहावं लागतं, आणि त्यांच्या बाई, सत्यभामाबाई, त्याच खोलीत ब्लाउज शिवतात. म्हणून आवाज बंद ठेवतात, त्या दिवशी राहून गेला. अश्विनीच्याच पाळीला का येता, म्हटलं. तर म्हणाले, हुशार पोराला कुणीही शिकवतं. शिकाऊ मास्तराचा कस अडणाऱ्या पोरापाशी लागतो, म्हणून तेवढंच पाहायचं.

मग हळूच विचारतात कसे, “बाई, पोरीचे केस कापले असं खोटंच काऊन सांगितलं हो? घरी सांगितलं तं आमच्या बाई दोन दिवस हळहळल्या.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुष्पांजली, दोन महिने मी त्या परक्या माणसाला भवानी म्हटलं. नांदता येत नाही म्हटलं. आणि नंतर नंतर पोरीला ताप आला, पोरीनं पान वाचलं, पोरीला सातूचं पीठ आवडायला लागलं, हेही त्यालाच सांगितलं. तो बिचारा ऐकत राहिला. म्हटलं, “सर, तुम्ही एकडाव तरी बोलाले पाह्यजे होतं.” ते म्हणाले, “तुम्ही बोलू कुठी देता?”

धम्मशीलानं चहा आणला. मी घेतला. कपभर पूर्ण घेतला.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. मला आनंद व्हायला हवा होता. कुणी पोरीला न्यायला टपलेलं नव्हतं. दप्तरातले फ्रॉक तिनं आपल्याच मनानं भरले होते, कुणाच्या सांगण्यावरून नाही. चिखलीचा नाका मागे पडला आणि मला रडू कोसळलं. शेजारची बाई विचारते, कोणी गेलं का व? मी म्हटलं, कोणी आलंच नाही.

शिकवणी बंद केलेली नाही. आज सहाला काळा चौकोन आला. अश्विनीनं रिबीन सारखी केली आणि वाचायला लागली. मी तिला काही सांगितलेलं नाही.

सरस्वतीबाई


जानेफळ
१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुष्पांजली,

दिवाळीच्या सुट्टीनंतर शिकवणी सुरू झाली. चौकोन येत नाही. मला वाटलं रेंज नसेल. धम्मशीला म्हणाली, निरीक्षणाचे पाठ संपले, तिला गुण चांगले मिळाले, सर आता दुसऱ्या पोरांचे पाठ पाहतात. तिचं चांगलं झालं. पोरगी मेहनती आहे.

अश्विनी पहिल्या दिवशी थांबली. तिची पाळी आली तर म्हणाली, “ताई, थोडं थांबू ना.” दुसऱ्या पोरांचं होऊ दिलं. मग वाचायला घेतलं ते पुन्हा तोंडातल्या तोंडात. दुसऱ्या दिवशीही तेच. मंगळवारी तर पहिल्या ओळीतच अडली. ऑगस्टमध्ये जी जोडाक्षरं घडाघडा वाचत होती, त्यांच्यावरच अडली. धम्मशीलानं घरचं विचारून पाहिलं, आत्याचं विचारलं, बकरीचं विचारलं. ही खाली मान घालून बसली.

रात्री माझ्या कुशीत आली आणि म्हणाली, “आत्या, मी चुकीचं वाचलं का व?”

“काऊन?”

“माय उठून गेली ना.”

मी म्हटलं, नाही व, रेंज नसंल तिकडं. दुसरं काय म्हणणार होते? तो सर होता म्हणू? मग ही म्हणेल, तू तर माय म्हनली होती. मास्तरीण पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, पोरीनं माझं धरलं.

काल मी पेटी उघडली तर दोन्ही फ्रॉक आत. दप्तरातून काढून तिनं स्वतःच ठेवून दिले. दप्तर हलकं झालं. ज्यासाठी मी चिखलीला धावले होते तेच झालं आणि ते मला पाहवलं नाही.

म्हणून हे लिहिते. हात आखडतोय, तरी लिहिते.

धम्मशीलाचा नंबर या पत्राच्या पाठीमागे लिहिला आहे. त्याखाली आपल्या घरचाही नंबर आहे, तो आधीच द्यायला हवा होता. शिकवणीत परक्या माणसाला घेत नाहीत. पण मी तिला सांगून ठेवलं आहे, की पुष्पांजली नावाची बाई फोन करेल, ती पोरीची आई आहे, तिला लिंक दे आणि नाव विचारत बसू नको. मंगळवारी आणि शुक्रवारी सहाला. अश्विनीची पाळी साधारण सव्वासहाला येते. तुझी त्या वेळी कामाची पाळी असेल तर बदलून घे. तोंड दाखवायचं नसेल तर चौकोन काळाच ठेव. बोलायचं नसेल तर बोलू नको. पण ये.

आणि बोलावंसं वाटलं तर बोल. मग पोरगी काय म्हणेल ती म्हणेल. फ्रॉक मी धुऊन घडी करून वरच ठेवले आहेत.

गजेंद्रचं मी पाहून घेते.

सरस्वतीबाई


जानेफळ
२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. पुष्पांजली हिला सरस्वतीबाईचा आशीर्वाद.

आज सव्वासहाला पाचवा चौकोन आला. काळा.

धम्मशीला म्हणायला लागली, “काकू, आज आपल्यासंग...” मी म्हटलं, “सांगू नको बाई. वाचू दे तिले.”

तिनं वाचलं. आधी हळू, मग चौकोनाकडे पाहून मोठ्यानं. दोन ठिकाणी अडली, आपली आपण सुटली. शिकवणी सुरू झाल्यापासून मी तिच्या शेजारची जागा कधी सोडली नव्हती. आज उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. बाहेरही चांगलं ऐकू येत होतं.

तू होतीस की पुन्हा कुणी सर होते, ते मी विचारलेलं नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, त्यामुळे हे किती जड गेलं तेही तुला कळेल. पण मी कान देऊन होते. मशीनचा आवाज आला नाही. नारायणराव सरांच्या बाई त्यांच्या कामासाठी मशीन थांबवायच्या नाहीत. पोरगी वाचत असताना मशीन थांबवून बसेल ती तूच, असं मी धरून चालले आहे.

आणि ती तू नसशील, तर तसं कळवत बसू नको. पत्र पोचेपर्यंत मंगळवार निघून जाईल. शुक्रवारी ये म्हणजे झालं.

तुझी
सरस्वतीताई